परवाचं आमंत्रण

‘‘या माणसाला तुम्ही जेवायला बोलावलं होतं का?’’

टीव्हीवाल्या इंग्रज बाईने हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. पणजीहून आणलेल्या दुभाषी बाईने तो कोकणीत सांगितला. बाबल गावकर आपल्या घराच्या ओसरीवर खुर्चीत बसला होता. समोर पीटर उभा होता. पीटर म्हणजे ज्याच्याबद्दल प्रश्न चालला होता तो. मी खांबाला टेकून होतो.

बाबल म्हणाला, ‘‘त्या दिसा येवं नाकात म्हूण हांवें सांगिल्लें. बाकीचें दत्तारामाक विचारा. दुभाशी तो आशिल्लो.’’

त्या दिवशी येऊ नका असं मी सांगितलं होतं, बाकीचं दत्तारामला विचारा, दुभाषी तोच होता. दत्ताराम म्हणजे मी.

सगळे माझ्याकडे वळले. बाईने विचारलं, ‘‘मिस्टर दत्ताराम, नक्की काय झालं होतं?’’

मी म्हणालो, ‘‘आता आठवत नाही.’’

हे खोटं होतं. मला शब्दन् शब्द आठवत होता. या एका वाक्याने एका माणसाचं काम गेलं. त्याला आता आठ वर्षं होतील. माझं वय त्र्याहत्तर आहे. जे घडलं ते घडलं तसं लिहून ठेवतो.

मी मूळचा पेडण्याचा. पंचवीस वर्षं डिचोलीकडे एका खाणीवर वजनकाट्याला होतो. वजनकाटा म्हणजे भरलेला ट्रक ज्याच्यावर उभा करून तोलतात तो काटा. ट्रक यायचे, मी आकडा लिहायचो, ट्रक जायचे. खाण बंद झाली आणि आम्ही सगळे घरी बसलो. माझं इंग्रजी बरं होतं. खाणीवर परदेशी इंजिनियर यायचे त्यांच्याशी बोलून झालेलं. मी टूरिस्ट गाइडचा कोर्स केला आणि लायसन घेतलं. त्या कोर्सला आम्हाला दुभाष्याचं काम एका ओळीत शिकवलं होतं : समोरचा बोलतो तेवढंच सांगा, आपलं घालू नका, त्याचं काढू नका. परीक्षेत हे लिहून मला चांगले मार्क मिळाले होते.

म्हापशाच्या एका एजन्सीसाठी मी काम करायचो. एके दिवशी मॅनेजरचा फोन आला.

‘‘दत्ताराम बाब, एक सिंगल पॅक्स आहे. आठ-दहा दिवस. इंग्रज आहे.’’

पॅक्स म्हणजे पाहुणा. आमच्या धंद्यात माणसं अशी मोजतात.

‘‘बीच का चर्च?’’

‘‘दोन्ही नको म्हणतो. केरीहून वाळपईला जायचंय त्याला.’’

‘‘वाळपईला काय आहे?’’

‘‘मी पण तेच विचारलं. तो म्हणाला, मलाही माहीत नाही, म्हणूनच जायचंय.’’

पीटरला मी पहिल्यांदा पेडण्याच्या केरीला पाहिलं, तेरेखोलच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर. पीटर हे त्याचं खरं नाव नव्हे. उंच, वाकलेला, साठीच्या जवळ आलेला. पाठीवर बॅग, खिशात निळी वही. त्याचा धंदा लोकांना हसवायचा होता. तिकडे माणूस एकटा माइक घेऊन उभा राहतो आणि तासभर बोलतो. तशी सुरुवात त्याने तरुणपणी क्लबांमधून केली. मग टीव्हीवर एका गमतीच्या प्रश्नमंजूषेत बरीच वर्षं होता. रस्त्यात लोक ओळखायचे. मग टीव्हीने नवी माणसं घेतली. तेव्हा त्याने प्रवासाचं एक गमतीचं पुस्तक लिहिलं. मित्राशी पैज लावून काहीतरी विचित्र अट घ्यायची, त्या अटीने प्रवास करायचा आणि झालेली फजिती लिहायची. ते पुस्तक खूप खपलं. दुसरं पडलं. लोक म्हणाले, हा घरी बसून रचतो. हे तिसरं. हेही पडलं तर प्रकाशक पुढचं घेणार नव्हता. हे सगळं त्याने मला चालताना सांगितलं, आणि असं सांगितलं की मला हसू आवरेना. नंतर वाटलं, आपण हसायला नको होतं.

या वेळची अट अशी होती. केरी ते वाळपई जायचं. वाटेत कोणाकडे काही मागायचं नाही. पण जो कोणी बोलावेल त्याच्याकडे जायचं. एकही आमंत्रण नाकारायचं नाही. आणि पुस्तकातलं सगळं खरंच घडलं याला पुरावा म्हणून रोज संध्याकाळी त्या निळ्या वहीत साक्षीदाराने सही करायची. साक्षीदार मी.

मी म्हणालो, ‘‘साहेब, आमच्या भागात ही अट घेऊ नका.’’

‘‘का? लोक बोलावत नाहीत?’’

‘‘बोलावतात.’’

आमच्याकडे वाटेने जाणाऱ्याला चहा विचारण्याची रीत आहे. विचारणाऱ्यालाही माहीत असतं की हा थांबणार नाही. जाणारा म्हणतो, नको, आत्ताच झाला, आणि दोघे सुखी होतात. पीटर प्रत्येक वेळी थांबला. पहिल्या दिवशी केरीत रापणकारांनी त्याला गमतीने हाक मारली, ‘‘येता रे वोडूंक?’’ रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. तो दुपारपर्यंत ओढत बसला. हाताची सालं गेली. त्यांनी त्याला दोन बांगडे दिले. ते घेऊन आम्ही पुढच्या घरी चहाला गेलो, तिथून त्याच्या पुढच्या. त्या दिवशी मी स्वतः नऊ कप चहा प्यायलो, कारण दुभाष्याला सोडून कोणी पाहुण्याला चहा देत नाही. बस ज्या अंतराला तासभरही घेत नाही, त्या केरी ते पेडणे अंतराला आम्हाला तीन दिवस लागले. एका शाळेत तो प्रमुख पाहुणा झाला. एका बारशाला त्याने पाळण्याची दोरी ओढली. पीटर खूश होता. वही भरत होती. खोटं एक अक्षर नव्हतं. मी रोज सही करत होतो.

सातव्या दिवशी, मंगळवारी, आम्ही डिचोली सोडून साखळीच्या अलीकडच्या एका गावात आलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे बाबल गावकराचं घर रस्त्यालाच आहे. बाबल माझ्या ओळखीचा. खाण चालू असताना त्याचे तीन ट्रक होते. दिवसातून किती तरी वेळा माझ्या काट्यावर यायचे. आता दोन भंगारात गेले होते आणि एक घराशेजारी फणसाखाली उभा होता. टायर नव्हते. बोनेटवर मिरच्या वाळत घातलेल्या होत्या.

‘‘अरे दत्ताराम! आनी हो कोण?’’

मी सांगितलं कोण. अटही सांगितली. बाबल हसला. मग पीटरकडे पाहून हात जोडून म्हणाला, ‘‘फाल्यां नाका. परवां येयात. जेवूंकच येयात.’’

उद्या नको, परवा या, जेवायलाच या. मग मला बाजूला घेऊन कारण सांगितलं. उद्या बुधवारी दुपारी वाळपईहून मुलीची माणसं येणार होती. बाबलचा मुलगा संजू छत्तीस वर्षांचा झाला होता. खाण बंद पडल्यापासून कोणी त्याच्यासाठी विचारायला आलं नव्हतं. हे पहिलं स्थळ, जे घर बघायला येण्यापर्यंत पोचलं होतं.

‘‘फाल्यांचो दीस आमचो न्हय रे,’’ बाबल म्हणाला, ‘‘परवां सगळें मोकळें. परवां ताका पोटभर जेवयतां.’’

पीटर वही उघडून उभा होता. ‘‘काय म्हणाले?’’

इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच दिवशी सकाळी मॅनेजरचा फोन आला होता. शुक्रवारी सकाळी सहाला दाबोळीला चार्टर विमान, चाळीस पॅक्स. हा ग्रुप नीट सांभाळला तर सबंध सीझन मला मिळणार होता. मी हो म्हटलं होतं. आम्ही बुधवारी तिथून निघालो तर वाटेतले चहा धरूनही गुरुवारी संध्याकाळी वाळपईला पोचत होतो. परवापर्यंत थांबलो तर शुक्रवार उजाडणार होता आणि ग्रुप दुसऱ्या कोणाला जाणार होता.

हा सगळा विचार मी केला असं नाही. विचार करायला वेळच नव्हता. मी म्हणालो, ‘‘ते म्हणतात, उद्या या. जेवायला.’’

एका दिवसाचा फरक. मनात एवढंच आलं की जेवणाच्या वेळी माणूस दारात आला तर आपल्याकडे कोणी परत पाठवत नाही, एक पान वाढवतात. मुलीची माणसं असली म्हणून काय झालं? इतकं सोपं वाटलं. अजूनही मला कळत नाही की मला ते इतकं सोपं कसं वाटलं.

बाबलला मी म्हणालो, ‘‘सांगितलं त्याला.’’

बुधवारी साडेबाराला आम्ही पोचलो. अंगणात वाळपईची सुमो उभी होती. ओसरीच्या पायरीखाली चपलांचे वीसेक जोड होते. ट्रकवरच्या मिरच्या काढलेल्या होत्या आणि बोनेट धुतलेलं होतं. पीटर चपला बघत थांबला.

‘‘हे सगळे माझ्यासाठी?’’

मी चपला काढायला वाकलो. तो वर चढला.

‘‘माहीत आहे का,’’ तो म्हणाला, ‘‘माझ्या शेवटच्या कार्यक्रमाला यापेक्षा कमी माणसं होती. आणि त्यांतला एक चुकून आला होता.’’

ओसरीवर सतरंजी पसरलेली. भिंतीला टेकून मुलीचे मामा, काका, आणखी दोन पुरुष. आतल्या दारात बायका. संजू नव्या शर्टात, घडीच्या खुणा तशाच. बाबल उठला. त्याने आधी पीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘हें कितें, दत्ताराम?’’ हळूच म्हणाला.

‘‘मी सांगितलं होतं त्याला. ऐकत नाही.’’

हे दुसरं खोटं. ते पहिल्यापेक्षाही पटकन आलं. बाबलने एक श्वास घेतला, पीटरकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, ‘‘येयात, येयात. बसात.’’ बायकोला आत सांगितलं, ‘‘आयलो पावणो. आतां कितें करतलो? पान घाल.’’

मुलीचे मामा तिथले सगळ्यांत मोठे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी विचारलं, ‘‘हे कोण?’’

‘‘आमचो पावणो,’’ बाबल म्हणाला.

‘‘कुठून?’’

‘‘लंडन,’’ मी म्हणालो.

‘‘लंडनहून पाहुणा येणार हे आम्हाला कोणी बोललं नाही.’’

मला दिसत होतं की त्या माणसाच्या डोक्यात हिशेब चाललाय. मुलगा परदेशी जाणार का? जाणार असेल तर लपवलं का? की घर विकायला काढलंय आणि हा घ्यायला आलाय? आमच्याकडे आजकाल गोरा माणूस जुन्या घरात दिसला की लोकांना हेच आठवतं. मामांनी भिंतीकडे, वाशांकडे, जमिनीकडे पाहून घेतलं. संजू माझ्याकडे बघत होता. मी ताटाकडे बघत होतो.

जेवण सुरू झालं. आमच्याकडे वाढणारा आग्रह करतो आणि जेवणारा पानावर हात आडवा धरतो. पीटर हात धरत नव्हता. आग्रह म्हणजे आमंत्रण, आणि आमंत्रण नाकारायचं नाही. बाबलच्या बायकोने, सुलभावहिनीने, ‘‘घेयात मरे थोडें’’ म्हटलं की तो पान पुढे करायचा. भात तीनदा, मिश्र भाज्यांचं खतखतं तीनदा. शेवटी मणगणं आलं. मणगणं म्हणजे हरभऱ्याच्या डाळीची, साबुदाणा आणि नारळाचा रस घालून केलेली खीर. मुलीच्या माणसांसाठी मोजून केलेलं. पीटरने चार वाट्या घेतल्या. घामाने भिजला होता. माझ्या कानात म्हणाला, ‘‘यांना थांबायला सांग ना.’’

‘‘तुम्हीच नको म्हणा.’’

‘‘मी नाही म्हणू शकत. तुलाच माहीत आहे.’’

आतून वहिनीचा आवाज आला, ‘‘मणगणें सोंपलें गो!’’ मामांची वाटी रिकामीच होती. ते रिकाम्या वाटीकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘‘यांना विचारा, या घराशी यांचा काय संबंध?’’

मी पीटरला विचारलं. पीटर उठून उभा राहिला. त्याला वाटलं, भाषण करायचंय. मांडीवरचं शीत झटकलं आणि सगळ्यांकडे हात फिरवून बोलला. त्याचं बोलणं असं होतं : ‘‘मी या घराला काल पहिल्यांदा पाहिलं. काल! आणि आज या लोकांनी माझ्यासाठी सगळा गाव जमवला. मी चाळीस वर्षं लोकांसमोर उभा राहतोय. माझ्यासाठी इतकं कोणी केलं नाही.’’

त्याचे डोळे भरले होते. हसवणाऱ्या माणसाचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बाबलचा चेहरा उतरला होता. त्याला वाचवायला म्हणून मी म्हणालो, ‘‘ते म्हणतात, या घराशी त्यांची फार जुनी ओळख आहे. फार चांगली माणसं आहेत.’’

हे तिसरं.

मामांनी मान हलवली. हात धुतले. सुपारी घेतली नाही. बाबलला म्हणाले, ‘‘कळवतो.’’ आमच्याकडे ‘कळवतो’ म्हटल्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. मी सुमोपर्यंत पोचवायला गेलो. का गेलो, ठाऊक नाही. गाडीत बसता बसता मामा माझ्याशी इंग्रजीत बोलले.

‘‘मिस्टर, बारा वर्षं बहारीनला होतो. यस्टर्डे म्हणजे काल. मला कळतं.’’

सुमो गेली.

पीटर ओसरीवर संजूला एक नाणं कानामागून काढून दाखवत होता. संजू हसत नव्हता. बाबल रिकामी वाटी हातात घेऊन उभा होता, ती आत न्यायची हे विसरल्यासारखा.

त्या संध्याकाळी साखळीच्या लॉजवर पीटरने वही पुढे केली. वर लिहिलं होतं : आज जे घडलं ते असंच घडलं. मी सही केली. गुरुवारी आम्ही वाळपईला पोचलो. शुक्रवारी सकाळी सहाला मी दाबोळीला चाळीस पॅक्सच्या पुढे छत्री उंच धरून उभा होतो.

पुस्तक निघालं आणि चाललं. पीटरने मला प्रत पाठवली. बाबलच्या घरचं प्रकरण त्यात सगळ्यांत मोठं होतं. ते वाचताना मी दोनदा हसलो आणि मग पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं. मी सांगितलं ते त्याने जसंच्या तसं खरं मानलं होतं. बाबलने एका अनोळखी माणसाला उद्या या म्हटलं आणि त्याच्यासाठी गाव जमवला. एका पाहुण्याने खूश होऊन भाषण करायला लावलं. मुखपृष्ठावर छापलं होतं की यातला प्रत्येक शब्द खरा आहे. मागच्या पानावर साक्षीदार म्हणून माझं नाव होतं.

टीव्हीवाल्यांना ते प्रकरण आवडलं. त्यावर मालिका करायची ठरली. पीटरचं टीव्हीवर परत जाणं त्यावर होतं. आधी ते लोक रेकीला आले. रेकी म्हणजे शूटिंगच्या आधी जागा आणि माणसं बघून जाणं. मला फिक्सर म्हणून घेतलं. स्थानिक गोष्टी जुळवून देतो तो फिक्सर. दुभाषी मात्र त्यांनी आपली आणली. त्यांचा नियम होता, साक्षीदार आणि दुभाषी एक नको. नियम चांगला होता.

आणि मग तो प्रश्न, जो मी सुरुवातीला लिहिला.

त्या ओसरीवर मी तसं का म्हणालो ते सांगतो. आतल्या दारात वहिनी उभी होती. संजू ट्रकपाशी होता, अजून बिनलग्नाचा. ते स्थळ मोडल्यावर दुसरं आलं नव्हतं. इतके दिवस त्या घराची समजूत होती की गोऱ्याला सांगूनही तो ऐकला नाही, उगाच आला, आणि आमचं मोडलं. मी खरं सांगितलं असतं तर मोडणारा मी होतो. बाबलने निवाडा माझ्या हातात दिला होता. त्याची खात्री होती की मी म्हणेन, हो, बाबलने परवाचं आमंत्रण दिलं होतं. त्या एका वाक्यात दोघेही सुटत होते. बाबलने बोलावलं होतं हेही खरं, त्या दिवशी नको म्हटलं होतं हेही खरं. मधे फक्त मी होतो.

‘‘आता आठवत नाही.’’

पीटरने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. अगदी गोंधळून. सकाळी उठल्यावर घरातली खुर्ची दुसरीकडे दिसावी तसं. मग तो बाईला म्हणाला, ‘‘मला बोलावलं होतं. मला वाटतं, बोलावलं होतं.’’

त्या ‘मला वाटतं’वर बाईने वही मिटली.

मालिका झाली नाही. तिकडच्या पेपरात आलं की याने हेही रचलं. मग लोकांनी मागची दोन पुस्तकंही उकरून काढली. प्रकाशकाने पुढचं घेतलं नाही. पीटरचं मला एक ईमेल आलं, दोन ओळींचं. ‘‘दत्ताराम, मला बोलावलं होतं की नव्हतं? मला खरंच आता कळत नाही.’’ मी ते उघडलं, वाचलं आणि उत्तर दिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ. मग इतके दिवस झाले की उशिराचं कारणच द्यायला नव्हतं.

यंदा मे महिन्यात संजूचं लग्न झालं. सावंतवाडीकडची मुलगी आहे, नर्स आहे. बाबल स्वतः पेडण्याला येऊन मला पत्रिका देऊन गेला. म्हातारा झालाय, पण बसने आला. लग्नात माझ्या पानावर मणगणं वाढलं. वहिनी स्वतः वाढायला आली. ‘‘घेयात मरे थोडें.’’ माझ्या हाताने ते उचलवेना.

पाहुणे गेल्यावर बाबलला फणसाखाली बसवून सगळं सांगितलं. ट्रक आता तिथे नाही. परवाचं उद्या कसं झालं, का झालं, मामा काय म्हणाले, सगळं. सांगून झाल्यावर त्याने ट्रकच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

‘‘चाळीस पॅक्स,’’ मग म्हणाला. ‘‘बरे आशिल्ले?’’

‘‘काय?’’

‘‘तुजे ते चाळीस जाण. बरे आशिल्ले?’’

चांगले होते का, असं तो विचारत होता. त्यांतला एकही चेहरा मला आठवत नव्हता.

‘‘गोऱ्याक सांगलें?’’

‘‘नाही.’’

‘‘मग म्हाका कित्याक सांगता? आदीं ताका सांग.’’ मला कशाला सांगतोस, आधी त्याला सांग. एवढं म्हणून तो उठून आत गेला. माझ्याशी बोलायचा नाही असं मी धरून चाललो.

पीटरच्या जुन्या पत्त्यावर मी ईमेल पाठवलं. सगळं लिहिलं. माफी एका ओळीत मागितली, कारण दोन ओळींत मागितली की ती गुळगुळीत होते. चार दिवसांनी उत्तर आलं. पीटर सध्या इंग्लंडमधल्या एका समुद्रकाठच्या गावात उघड्या बसवर गाइडचं काम करतो. पर्यटकांना किल्ला दाखवतो, बंदर दाखवतो. ‘‘पॅक्स बरे असतात,’’ त्याने लिहिलं होतं. ‘‘कधीकधी हसतात.’’ पुढे लिहिलं होतं, ‘‘इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्याच डोक्याने ते रचलं. टीव्हीवरून गेलो त्याचं इतकं नाही. आपण आपल्यालाच फसवतो की काय याची मला भीती वाटायला लागली होती. ती गेली. तुझ्यावर रागवायचं आहे, ते मी सवडीने करीन.’’

आणि खाली शेवटची ओळ : ‘‘पण मग त्या प्रवासातलं एक आमंत्रण मी पाळलेलंच नाही. ते अजून चालू आहे का, विचारशील? त्याच्याच शब्दांत उत्तर हवं.’’

मी बसने बाबलकडे गेलो. ओसरीवर तोच. बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच विचारलं.

बाबलने आत सुनेला हाक मारून दोन कप चहा सांगितला. मग म्हणाला, ‘‘हांवें परवां म्हूण सांगिल्लें न्हय? परवां अजून जावंक ना म्हूण कळय ताका.’’

मी परवा म्हणून सांगितलं होतं ना? मग परवा अजून झालेला नाही असं कळव त्याला.

हे मी तिथेच कागदावर लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं आणि घरी येऊन तसंच पाठवलं. डिसेंबरमध्ये पीटर यायचा आहे. गुडघे दुखतात त्याचे, प्रवास जमेल का ते डॉक्टर ठरवतील. त्याने मला विमानतळावर बोलावलंय, दुभाष्याचं काम नाही असं बजावून. संजूच्या बायकोचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

धंद्यात नवीन येणाऱ्यांना माझ्याकडून एकच सांगणं. दुभाष्याला शब्द अडला तर थांबून विचारावं, कोणी रागावत नाही. वार मात्र आपल्या सोयीने बदलू नये. एका दिवसाने काय होतं, असं मलाही वाटलं होतं.